माझ्या साडूंचं परराष्ट्र धोरण

जगात कुठंही लष्करानं सत्ता हातात घेतली, की तिचा पहिला फटका भोकरदनला बसतो आणि दुसरा जालन्याला, आमच्या घराला. हे मी स्वानुभवानं सांगतो. तिकडं राजधानीत रणगाडे फिरतात, कुणीतरी कॅप्टन रेडिओ केंद्रात शिरून क्रांती झाल्याचं जाहीर करतो, संचारबंदी लागते; पण तिथली माणसंसुद्धा आठ-पंधरा दिवसांनी भाजीपाला आणायला बाहेर पडत असतील. माझे साडू मात्र एकदा त्या क्रांतीत शिरले, की वर्ष-दोन वर्षं बाहेर येत नसत. आणि ते आत असेपर्यंत आम्हां नातेवाइकांचीही सुटका नसे. एक्क्याऐंशी सालापासून पुढं मी अशा किती राजवटींखाली दिवस काढले, ते मोजायचं मी केव्हाच सोडून दिलं. आता सगळं आठवताना हसू येतं हे खरं, पण त्या हसण्याच्या आधी एक जांभई येते.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. भोकरदनच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे, त्यामुळे सगळं भोकरदन त्यांना सर म्हणायचं आणि हळूहळू मीही म्हणायला लागलो. माझी नोकरी जालन्यात, जनावरांच्या सरकारी दवाखान्यात. आठवडाभर बैल, म्हशी, शेळ्या आणि मुख्य म्हणजे त्यांचे मालक यांच्याशी डोकं लावून थकलेल्या माणसाला शनिवारी दुपारी काय हवं असतं? घरात कुणी काही बोलू नये, एवढंच. आणि नेमके शनिवारी दुपारच्या भोकरदन गाडीनं सर यायचे. कारण सांगायला वाचनालय होतं. तिथं आठवड्याची इंग्रजी वर्तमानपत्रं एकदम वाचायला मिळत. बुटके, गोल, आणि चालताना उजवीकडं थोडे कललेले, कारण उजव्या खांद्याला कायम एक खाकी शबनम आणि तिच्यात लोकसभेतल्या चर्चांचा निदान एक जाडजूड खंड असे. दारात चपला काढता काढताच ते म्हणायचे, “साडूभाऊ, ऐकलंत का?” मी ऐकलेलं नसायचं. ऐकलेलं असलं तरी मी नाहीच म्हणायचो, कारण ‘हो’ म्हटलं की माझं मत विचारत आणि ‘नाही’ म्हटलं की नुसतं सांगत. दुसऱ्या प्रकारात डोळे मिटून बसता येई.

सरांनी पीएच.डी.ला नाव नोंदवलं होतं. विषय असा : ‘क्रांतिकारी लष्करी राजवटींविषयी भारताचं परराष्ट्र धोरण ठरवण्यात संसदेची भूमिका’. हा विषय त्यांना कुणी सुचवला ते कधीच कळलं नाही. भोकरदनच्या आसपास ना सरहद्द, ना छावणी. गणवेशातला माणूस म्हणजे एक फौजदार आणि बाकी यस्टीचे कंडक्टर. पण सरांचं म्हणणं त्यांच्यापुरतं पक्कं होतं. परदेशात बंदुकीच्या जोरावर नवं सरकार आलं, की आपलं सरकार आधी आपली सोय पाहतं. तेल कुठून येतं, सरहद्द कुणाला लागून आहे, शेजारी कुणाकडं झुकतोय. ते पाहायलाच पाहिजे. पण मग सभागृहात कुणीतरी एक जण उठतो आणि विचारतो, की तिथल्या निवडून आलेल्या माणसांचं काय झालं? मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं. “सरकारला सोय कळते, साडूभाऊ, आणि सभागृहाला शरम कळते,” सर म्हणायचे. “दोन्ही मिळून धोरण होतं.” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे फार आवडलं होतं. पुढं दर शनिवारी ऐकून ऐकून तेवढं आवडेनासं झालं.

प्रबंध तीन वर्षांत व्हायचा होता. पण सर प्रकरणांचा आराखडा करत होते तोवर घानात क्रांती झाली, म्हणून एक प्रकरण वाढलं. ते लिहून होतंय तोवर अप्पर व्होल्टात झाली. आपल्यापैकी कुणाला अप्पर व्होल्टा हा देश आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. सरांनी मात्र त्यावर हात दुखेपर्यंत लिहिलं आणि जालन्याच्या टायपिंगवाल्याकडं नेऊन दिलं. त्याचं टायपिंग संपत आलं असतानाच त्या देशानं आपलं नाव बदलून बुर्किना फासो असं केलं. टायपिंगवाला रडकुंडीला आला. “सर, एकदा विचारून घ्या त्याइला,” तो म्हणाला, “हे नाव तरी फायनल हाय का?” मग फिजीत एका वर्षात दोनदा उलथापालथ झाली. मग बर्मात झाली, आणि तिथल्या सेनाधिकाऱ्यांनीही जरा दम खाऊन देशाचं नाव म्यानमार करून टाकलं. त्या वेळी टायपिंगवाल्यानं सरांच्या देखत चुका झाकायच्या पांढऱ्या शाईची बाटली पालथी करून दाखवली, ती रिकामी होती. दरम्यान पहिले मार्गदर्शक निवृत्त झाले, दुसरे मुलाकडं पुण्याला निघून गेले, आणि तिसरे मिळाले ते सरांचेच जुने विद्यार्थी. हा विद्यार्थी पूर्वी सरांच्या तासाला मागच्या बाकावर झोपायचा. आता तो सरांच्या कच्च्या मजकुरावर लाल पेनानं ‘विस्कळीत’ असं लिहायचा, आणि दोघंही एकमेकांना ‘सर’ म्हणायचे.

घरात सरांनी सगळा कारभार सभागृहाच्या धर्तीवर चालवला होता. सकाळी चहाच्या वेळी ज्याला जी तक्रार करायची ती करावी, हा शून्य प्रहर. स्वयंपाकात काय करायचं ते विधेयक, आणि ते पहिल्या वाचनाला नामंजूर करायचं नाही. ताई, म्हणजे माझी मेहुणी, शांत बाई. तिनं लोकसभेचे खंड फळीवर एकाला एक लावून त्यांवर डाळींचे डबे मांडले होते, आणि सरांना एखादा खंड हवा असला की आधी तुरीची डाळ खाली उतरवावी लागे. एकदा सर बातम्या ऐकून घाईघाईनं स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, “झाली! शेवटी झालीच क्रांती!” ताईनं पोळी उलटली आणि म्हणाली, “झाली आसंल तर झाली. गिरणीतून दळण आणा. उद्याच्याला पीठ न्हाई.” सर मुकाट्यानं पिशवी घेऊन निघाले, पण गिरणीच्या रांगेत उभ्या असलेल्या दोन शिक्षकांना त्यांनी कॅप्टन आणि जनरल यांतला फरक समजावून दिला. कॅप्टन आला की ती क्रांती समजायची, जनरल आला की नुसता बंदोबस्त. दळण व्हायला संध्याकाळ झाली.

पण या सगळ्या तत्त्वांची त्यांना किंमतही द्यावी लागली, तीही कॉलेजात. झालं असं, की संस्थेच्या मंडळात भांडण लागून जुने प्राचार्य एका सकाळी खुर्चीवरून उठवले गेले आणि दुसऱ्या गटाचे एक प्राध्यापक त्या खुर्चीत बसले. बाकी सगळे हार घेऊन गेले. सर गेले ते मोकळ्या हातानं. म्हणाले, “आपण खुर्चीत आहात हे मला दिसतंय, त्यामुळं वस्तुस्थिती म्हणून मान्यता देतो. कायदेशीर मान्यता मात्र चर्चेनंतर.” आणि त्याप्रमाणं ते वागले. हजेरीपटावर सही करत, दिलेलं काम करत, पण नव्या प्राचार्यांना नमस्कार करत नसत. ही चर्चा अर्थातच कधी झाली नाही. सरांना सकाळचा पहिला आणि संध्याकाळचा शेवटचा असे दोन तास मिळायला लागले, मधला सगळा दिवस कॉलेजात बसून काढायचा. परीक्षांची देखरेख, मतदारयाद्यांचं काम, जनगणना, जे कुणाला नको ते सगळं त्यांच्याकडं. असा तो प्रकार काही वर्षं चालला. ताई माझ्या बायकोजवळ म्हणाली होती, “एक नमस्कार टाकला आस्ता तर काय झिजले आस्ते का?” मीही एकदा सरांना तेच विचारलं. ते म्हणाले, “थकवा येतो हो, साडूभाऊ. पण आता केला तर एवढे दिवस का नाही केला, असं होईल.” त्या दिवशी त्यांनी क्रांतीबद्दल काही सांगितलं नाही, आणि गंमत म्हणजे मलाच चुकल्यासारखं झालं.

सरांचे एक जुने वसतिगृहातले सोबती पुढं खासदार झाले होते. आमच्या मतदारसंघाचे नव्हेत, पण मराठवाड्यातलेच. त्यांची मुलगी जालन्यात दिली होती, त्यामुळं अधूनमधून ते तिच्याकडं यायचे आणि आले की सर मला ओढून तिथं न्यायचे. बाहेर ओसरीवर माणसांची गर्दी. खासदारसाहेब चांगला माणूस, पण कायम झोप अपुरी झाल्यासारखा चेहरा. सर पुढं सरकून म्हणायचे, बर्मावर या अधिवेशनात एक तरी प्रश्न लागला पाहिजे. साहेब सुस्कारा टाकायचे. “सर, माझ्याकडं लोक विजेची डीपी मागायला येतात, बदल्या मागायला येतात, फोन मागायला येतात. तुम्ही एकटेच असे, की बर्मा मागायला येता.” सगळे हसायचे. सरही हसायचे, आणि हसून झालं की पुन्हा तेच म्हणायचे. त्यांचा राग कुणाला येत नसे, हीच त्यांची अडचण होती. राग आला असता तर निदान कुणी वाद घातला असता.

आणि मग आमच्या वस्तीतल्या विहारात भन्तेजी आले.

तरुण होते, पंचविशीचे. बर्माचे. औरंगाबादला पाली शिकायला आले होते, वर्षावासात, म्हणजे पावसाळाभर, आमच्याकडं जालन्यात राहिले आणि लोकांना आवडले म्हणून शिक्षण चालू असतानाही येत-जात राहिले. वस्तीतल्या पोरांबरोबर बसून त्यांनी आमची मराठी उचलली होती. चीवर घातलेला तो गोरासा परदेशी भिक्खू “मी जेवून आल्तो” आणि “वाचून राह्यलो ना” असं बोलायला लागला की नवा माणूस चक्रावून जायचा. ते शिकायला आले तेव्हा त्यांच्याजवळ पासपोर्ट होता, सगळं रीतसर होतं. मग तिकडं त्यांच्या विहारातल्या भिक्खूंनी सैनिकांच्या घरची भिक्षा घ्यायचं नाकारलं, धरपकड झाली, त्यांचे गुरू तुरुंगात गेले. पासपोर्टची मुदत संपली तेव्हा त्यांच्या वकिलातीनं कळवलं, की आधी परत या, मग पाहू. इकडं व्हिसाही संपला. आणि एके दिवशी पोलीस कार्यालयातून विहारात निरोप आला, की या पाहुण्यांनी आपल्या देशी परत जाण्याची व्यवस्था करावी.

माझ्या मनात पहिला विचार आला तो सरांचा. मला वाटलं, आता हा माणूस भन्तेजींचं प्रकरण करणार, तळटीपांसह. शनिवारी ते आले, मी त्यांना विहारात घेऊन गेलो, आणि तिथं मी त्यांना पहिल्यांदा गप्प बसलेलं पाहिलं. त्यांनी भन्तेजींना एकही प्रश्न विचारला नाही. तिकडच्या राजवटीबद्दल नाही, आंदोलनाबद्दल नाही, काहीच नाही. ज्या देशाबद्दल इतकी वर्षं आमचे कान किटवले, तिथला जिवंत माणूस समोर बसलेला, आणि सर नुसते चटईच्या काड्या नीट करत होते. निघताना म्हणाले, “भन्तेजी, उद्या आपल्याला एका ठिकाणी जायचंय. साडूभाऊ, तुम्हीही चला.”

दुसऱ्या दिवशी खासदारसाहेबांच्या मुलीच्या घरी आम्ही तिघं गेलो. ओसरीवर तीच गर्दी. भन्तेजी आत आले तसे लोक उठून उभे राहिले, साहेबांनीही हात जोडले. सरांनी एका वाक्यात हकीकत सांगितली आणि थांबले. साहेब त्यांच्याकडं बघतच राहिले, कारण सर थांबले आहेत असं त्यांनी पूर्वी पाहिलं नव्हतं.

“परत गेले तर काय होईल?” त्यांनी सरांना विचारलं.

उत्तर भन्तेजींनीच दिलं. “मला धरतेत, साहेब. गुरुजींला धरलं तसं.”

“मराठी कुठं शिकलात?”

“इथंच. पोरांसंगं.”

साहेबांनी दोन्ही डोळे चोळले. मग सरांना म्हणाले, “द्या. तुमच्या पिशवीत प्रश्न लिहून तयारच असेल.”

तो होताच. पासपोर्टची मुदत संपल्यामुळं भारतात अडकलेल्या बर्मी विद्यार्थ्यांना आणि भिक्खूंना सक्तीनं परत पाठवण्याचा सरकारचा विचार आहे काय, अशा अर्थाचा, पोटप्रश्नांसकट. साहेब म्हणाले, साधा लेखी उत्तराचा प्रश्न टाकू, लवकर होईल. पण सर तिथं मात्र अडून बसले. प्रश्न तारांकितच पाहिजे. तारांकित असला की मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर उलटून विचारता येतं. “उलटून विचारलं की खरं उत्तर येतं, साहेब. पहिलं उत्तर कारकुनाचं असतं.” साहेबांनी मान हलवली, कंटाळ्यानं की पटून, ते सांगता येणार नाही.

आणि प्रश्न लागला. तोवर प्रश्नोत्तराचा तास टीव्हीवर दाखवायला लागले होते. त्या दिवशी सरांनी रजा टाकली आणि सकाळीच आमच्याकडं आले. ताईही आली. भन्तेजी खुर्चीवर, आम्ही सगळे खाली. सरांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, जसं काही उत्तर त्यांनाच द्यायचं होतं. सभागृह भरलं, अध्यक्ष आले, पहिल्या प्रश्नाचं नाव पुकारलं आणि एका बाजूचे सगळे सदस्य उठून पुढच्या मोकळ्या जागेत आले. कसल्या तरी घोटाळ्याची ओरड होती. कोण काय म्हणतंय ते कळत नव्हतं. अध्यक्षांनी हात जोडले, घंटा वाजवली, पुन्हा हात जोडले, आणि कामकाज बारा वाजेपर्यंत तहकूब करून निघून गेले. पडद्यावर रिकामी बाकं दिसायला लागली, मग फुलांचं चित्र आलं आणि सतार सुरू झाली.

सर त्या फुलांकडं बघत बसले.

“आता काय होतं सर?” भन्तेजींनी विचारलं.

“आता लेखी उत्तर पटलावर ठेवतील.”

“मंग मिळंल ना उत्तर?”

“उत्तर मिळेल,” सर म्हणाले. “उलटून विचारता येणार नाही.”

ताई उठली, तिनं टीव्ही बंद केला आणि सगळ्यांना जेवायला वाढलं. सरांनी एक भाकरी मागून घेतली आणि अर्धी ताटात ठेवली.

यथावकाश ते लेखी उत्तर साहेबांनी पाठवलं. अर्धा कागद. त्यात सरकारचे त्या देशाशी शेजारधर्माचे संबंध असल्याचं होतं, तिथल्या घडामोडींवर लक्ष असल्याचं होतं, आणि शेवटी, प्रत्येक प्रकरणाचा सहानुभूतीनं विचार केला जातो व ज्यांच्या जिवाला धोका आहे त्यांना सक्तीनं पाठवण्याचा विचार नाही, अशा अर्थाचं एक वाक्य होतं. मला ते नेहमीचं सरकारी वाक्य वाटलं. आमच्या खात्यातही दर साथीच्या वेळी तशी वाक्यं येतात. सरांनी मात्र त्याखाली रेघ मारली आणि मला घेऊन पोलीस कार्यालयात गेले.

परकीय नागरिकांचं काम बघणारे अधिकारी एका लहानशा खोलीत बसले होते. पंखा बंद, वीज गेलेली. त्यांनी कागद वाचला आणि वर पाहिलं.

“सर, हे ठीक हाय. पण आमच्याकडं वरून काही आलेलं न्हाई.”

“वरून येईल ते परिपत्रक असेल,” सर म्हणाले. “हे मंत्र्यांनी सभागृहाला सांगितलेलं आहे. याच्या उलट काही घडलं, तर त्यांना सभागृहात उभं राहून खुलासा करावा लागतो.”

“मंग?”

“मग त्या खुलाशात जालना जिल्ह्याचं नाव येईल.”

अधिकाऱ्यांनी कागद उलटून मागची बाजू पाहिली. रुमालानं मान पुसली. दिल्लीत आपल्या जिल्ह्याचं नाव निघावं अशी कुठल्याच अधिकाऱ्याची इच्छा नसते, चांगल्या कामासाठीसुद्धा. शेवटी ते म्हणाले, “मंग असं करू सर. मी वर विचारणा करतो. तवर राहू द्या त्याइला.”

मी सरकारी नोकर आहे. ‘वर विचारणा करतो’ याचा अर्थ मला सरांपेक्षा जास्त कळत होता. ती विचारणा जालन्याहून निघून कुठल्या कुठल्या टेबलांवर थांबली असेल ते तिलाच ठाऊक. तिचं उत्तर भन्तेजी इथं असेपर्यंत आलं नाही. बाहेर आल्यावर मी सरांना म्हटलं, “जमलं की हो.” ते कोर्टासमोरच्या टपरीवर चहा घेत होते. म्हणाले, “हो. पण साडूभाऊ, साहेबांना त्या दिवशी उलटून विचारता आलं असतं ना, तर...” आणि त्यांनी उरलेला चहा बशीत ओतला.

त्याच सुमारास दिल्लीचं त्या सेनाधिकाऱ्यांशी हळूहळू जमायला लागलं होतं. सोय वाढत होती आणि सभागृहातले प्रश्न कमी होत होते. सरांना ते लागलं. पण प्रबंध पुरा झाला तो त्यानंतरच, बहुधा आता आणखी वाट बघण्याचं बळ उरलं नव्हतं म्हणून. तोंडी परीक्षेला मीही औरंगाबादला गेलो होतो, मागं बसलो होतो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “मग शेवटी संसदेची भूमिका नगण्यच म्हणायची ना?” सर म्हणाले, “नगण्य नाही. कमी आहे.” परीक्षकांनी विचारलं, फरक काय? मला वाटलं आता सर भन्तेजींची हकीकत सांगतील. त्यांनी ओठ उघडलेही. मग कुठल्या तरी खंडाचा आणि पानाचा दाखला दिला आणि पाणी प्याले. नंतर मी विचारलं तर म्हणाले, “ते प्रबंधात कुठं बसत नव्हतं.” पदवी मिळाली आणि पुढच्याच वर्षी ते निवृत्त झाले. आता ते मुलीकडं राहतात, शनिवारी येत नाहीत. शनिवारची दुपार मला हवी होती तशी मिळालेली आहे, आणि ती फार लांब वाटते.

पण सर म्हटले की मला ही पदवी आठवत नाही. मला आठवतं जालना स्टेशन, भन्तेजी गेले ती सकाळ. त्यांचं शिक्षण संपलं होतं, श्रीलंकेतल्या एका विहारात जागा मिळाली होती आणि प्रवासापुरते कागद दिल्लीहून झाले होते. अर्धी वस्ती पोचवायला आली होती. बायकांनी शिदोऱ्या दिल्या, पोरं खिडकीला लोंबकळली, ताई डोळ्यांना पदर लावून उभी होती. सर मागं उभे होते, खांद्याला पिशवी नसल्यामुळं सरळ. गाडी सुटायची वेळ होत आली तसे ते पुढं झाले. मला वाटलं, आता काहीतरी सांगणार. पण ते खिडकीशी गेले आणि थोडे अडखळत म्हणाले, “भन्तेजी, एक विचारायचं राहिलं. तुमचं गाव कोणतं?”

भन्तेजींनी नाव सांगितलं. सरांनी ते म्हणून पाहिलं, चुकलं. पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकलं. भन्तेजी हसले.

“लहान हाय, सर. आत हाय, लांब.”

“तिकडं काय पिकतं?”

“कापूस. तीळ. ज्वारी बी होती. पाऊस कमी ना तिकडं.”

“कापूस?” सर म्हणाले. “तुमच्याकडं कापूस होतो?”

“होतो ना. इथल्यासारखाच. मी पहिल्यांदा जालन्याला आल्तो ना सर, तवा खिडकीतून बघून वाटलं, घरीच आलो.”

गाडी हलली. सर खिडकीच्या गजाला हात लावून दोन पावलं बरोबर चालले आणि मग सोडून दिला. गाडी गेल्यावर लोक पांगले, ताई आणि माझी बायको रिक्षा बघायला पुढं गेल्या. सर फलाटावर तसेच उभे राहिले. मी जवळ गेलो.

“कापूस होतो म्हणे त्यांच्याकडं,” ते मला म्हणाले, जणू मघाशी मी तिथं नव्हतोच. “इतकी वर्षं झाली, साडूभाऊ. कुणी विचारलंच नाही.”